विश्लेषण : वेताळाचा ठोसा कोणाला लागत होता? जुन्या साहस-चित्रकथांतील हिंसेचा हिशेब

कवटीची अंगठी, जबड्यावर ठोसा आणि गुंडाच्या गालावर कायमचा उमटलेला शिक्का. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ वाचत मोठ्या झालेल्या पिढीला हे चित्र आजही लख्ख आठवते. ती पिढी आता आजी-आजोबा झाली आहे. पुणे-सातारा महामार्गाच्या पट्ट्यातील कामथडीसारख्या गावातही आज नातवंडांच्या हाती मोबाइल आहे आणि ‘किती ती मारामारी बघायची?’ हा ओरडा घरोघरी ठरलेला आहे. अशा वेळी ‘मग तुम्ही लहानपणी काय वाचत होता?’ असे नातवाने उलट विचारले, तर उत्तर देणे सोपे नाही. वृत्तपत्रांतून जगभर पोहोचलेल्या त्या साहस-चित्रकथांत खून, अपहरण, बंदुका, समुद्री चाचे असे सारे काही होते. तरीही त्या घरात चालत होत्या. असे का? कायदा आणि संशोधन याबद्दल काय सांगतात? आणि आजच्या पालकांना त्यातून काय घेता येईल?

या चित्रकथा आल्या कुठून?

अमेरिकी वृत्तपत्रांतील चित्रपट्टी सुरुवातीला प्रामुख्याने विनोदासाठी होती. ७ जानेवारी १९२९ या एकाच दिवशी ‘टारझन’ आणि ‘बक रॉजर्स’ या दोन पट्ट्या सुरू झाल्या आणि साहसकथांचे युग सुरू झाले असे मानले जाते. त्यानंतर ४ ऑक्टोबर १९३१ रोजी चेस्टर गोल्ड यांचा गुप्तहेर ‘डिक ट्रेसी’ आला. १९३४च्या जानेवारीत अ‍ॅलेक्स रेमंड यांचा ‘फ्लॅश गॉर्डन’, जूनमध्ये ली फॉक यांचा जादूगार ‘मॅन्ड्रेक’ आणि ऑक्टोबरमध्ये मिल्टन कॅनिफ यांची ‘टेरी अँड द पायरेट्स’ सुरू झाली. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी फॉक यांनीच ‘फँटम’ आणला. तोच पुढे आपल्याकडे ‘वेताळ’ झाला.

हा काळ महामंदीचा होता. शिकागोतील टोळीयुद्धांच्या बातम्या पहिल्या पानावर येत होत्या. ‘डिक ट्रेसी’चा जन्म याच वातावरणातला. पहिल्या पानावर गुंड सुटत होते. आतल्या पानावरच्या चौकटीत मात्र ते पकडले जात होते. वाचकाला हवा असलेला न्याय चित्रकथेने पुरवला. त्या न्यायाची भाषा ठोशाची आणि गोळीची होती.

हिंसा नेमकी किती होती?

कमी नव्हती. ‘डिक ट्रेसी’च्या पहिल्याच कथानकात नायकाच्या प्रेयसीच्या वडिलांना दरोडेखोर गोळी घालून ठार करतात. त्याचा छडा लावण्यासाठीच ट्रेसी पोलिसांत जातो. ‘फ्लॅश गॉर्डन’मध्ये मोंगो ग्रहावर तलवारी, राक्षसी प्राणी आणि जीवघेण्या स्पर्धा यांची रेलचेल होती.

वेताळाची तर मूळ कथाच खुनाची. १५३६ साली चाच्यांनी जहाजावर हल्ला केला, त्यात बाप मारला गेला आणि मुलगा लाटांबरोबर किनाऱ्याला लागला. बापाच्या मारेकऱ्याची कवटी हाती धरून त्याने चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्यायाविरुद्ध लढण्याची शपथ घेतली. पुढे प्रत्येक पिढीतला थोरला मुलगा तोच मुखवटा चढवत राहिला. म्हणून लोकांना वाटते, हा माणूस मरतच नाही.

एवढे असूनही या पट्ट्यांना एक लगाम होता. वृत्तपत्र घरात सगळेच वाचत. ‘किंग फीचर्स’सारख्या वितरण संस्था एकच पट्टी शेकडो वृत्तपत्रांना विकत. एखाद्या गावातील संपादकाला एखादे चित्र खटकले, तर तो ती पट्टी बंद करू शकत असे. त्यामुळे लेखकाचा हात आपोआप आखडता राहायचा. वेताळाच्या कमरेला दोन पिस्तुले असत. पण तो बहुतेकदा समोरच्याच्या हातातले शस्त्र उडवायचा. मॅन्ड्रेक तर हाताची एक खूण करून मोहिनी घालायचा. गुंडाला आपल्या हातातली बंदूक भलतेच काहीतरी भासायची आणि तो स्वतःच ती फेकून द्यायचा. रक्त फारसे दिसत नसे. दिसायचे ते ‘धाड’, ‘धप्प’ आणि डोक्याभोवती फिरणारे तारे.

तीन चौकटींचे गणित काय?

वृत्तपत्रातील पट्टीत रोज साधारण तीन-चार चौकटी असत. पहिलीत कालची आठवण, मधल्या चौकटीत घटना आणि शेवटी उत्कंठा. सोमवारी कोणीतरी पिस्तूल रोखले, तर काय झाले ते कळायला मंगळवार उजाडावा लागे. एक गोष्ट अनेक आठवडे, कधी कधी महिनोन्‌महिने चाले. म्हणजे वाचकाच्या वाट्याला येणारा ठोसा एक, आणि त्याची वाट पाहण्यात जाणारा वेळ चोवीस तास.

याच पट्ट्या एकत्र करून पुस्तिका निघाली, तेव्हा हे गणित बदलले. कालची आठवण देणाऱ्या चौकटी गळल्या, मधली प्रतीक्षा संपली. जी मारामारी वृत्तपत्राच्या वाचकाने तीन महिन्यांत पाहिली, ती पुस्तिकेच्या वाचकाने अर्ध्या तासात पाहिली. चित्रे तीच, पण मात्रा वेगळी. मोबाइलवर एकामागून एक आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफितींनी ही मात्रा आणखी वाढवली आहे. त्यामुळे ‘आमच्या काळातही मारामारी होतीच’ हे आजोबांचे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे.

मराठी घरात वेताळ कसा आला?

भारतात फँटम १९४०च्या दशकात ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’मधून आला. तो इंग्रजी वाचणाऱ्यांपुरता होता. मार्च १९६४मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या प्रकाशन समूहाने मुंबईतून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि चित्र पालटले. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा अनेक भाषांत ही पुस्तके निघाली. सुरुवातीचे ३२ अंक फक्त फँटमचे होते. नंतर मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर आदी पात्रे आली. १९९०मध्ये मालिका थांबली, तोवर ८००हून अधिक अंक निघाले होते.

मराठीत ‘फँटम’चा ‘वेताळ’ झाला, हे भाषांतर फार चपखल होते. महाराष्ट्रातील अनेक गावांत शिवेवर शेंदूर लावलेला वेताळाचा दगड असतो. पुण्यात तर त्याच्या नावाची टेकडीच आहे. भुतांचा हा राजा भीतिदायक असला तरी गावाचा राखणदार आहे. शिवाय ‘चांदोबा’ने विक्रम-वेताळाच्या गोष्टी घरोघरी नेल्या होत्या. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, स्मशानाची वाट हे चित्र मराठी मुलांना परके नव्हते. त्यामुळे कवटीच्या गुहेत राहणारा, दुष्टांना धडकी भरवणारा आणि दुबळ्यांना राखणारा मुखवटाधारी मराठी वाचकाला सहज आपलासा वाटला. त्याच्या ठोशाकडे राखणदाराने केलेला बंदोबस्त म्हणूनच पाहिले गेले.

हिंसा खपवून घेण्यात या चौकटीचा वाटा मोठा आहे. कोण मारतो आहे आणि कशासाठी, हे आधीच ठरलेले असले की किती मारतो आहे, हे कोणी मोजत नाही.

भारतीय संपादकांनी काय बदलले?

बदल झाले, पण ते बहुतांशी नावांचे होते. मूळ कथेतील चाच्यांच्या टोळीचे नाव ‘सिंग’ होते. भारतात ते एका मोठ्या समाजाला दुखावणारे ठरले असते, म्हणून टोळी ‘सिंगा’ झाली. वेताळाच्या वडिलांचा मारेकरी मूळ पट्टीत ‘रामा’ होता. इथे त्याला ‘रामालू’ केले गेले. वेताळाचा देश पूर्वी ‘बंगाल’शी जुळणाऱ्या नावाने ओळखला जाई. इंद्रजालमध्ये तो ‘डेंकाली’ झाला. पानांत बसवण्यासाठी काही चौकटीही कापल्या जात.

विशेष म्हणजे ‘इंद्रजाल’चा पहिला अंक वेताळाच्या पट्ट्याच्या गोष्टीचा होता. बापाचा खून आणि मारेकऱ्याने पळवलेला कमरपट्टा, हेच तिचे सूत्र. म्हणजे ‘इंद्रजाल’च्या वाचकाशी वेताळाची पहिली भेट झाली, ती पितृहत्येच्या कथेतूनच. संपादकांनी मारेकऱ्याचे नाव बदलले, खून मात्र तसाच राहिला.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. संपादकांना धास्ती होती ती खलनायक ‘आपल्यातला’ वाटण्याची. हिंसेचे चित्र चालेल, पण तिचे बोट आपल्याकडे नको. प्रश्न असा की मग ते बोट कोणाकडे होते?

ठोसा कोणाला लागत होता?

इथे जुन्या चित्रकथांचा खरा दोष दिसतो. ‘टारझन’ असो वा ‘फँटम’, जंगल आफ्रिकेसारखे, माणसे काळी आणि त्यांचा रक्षक गोरा. ‘फ्लॅश गॉर्डन’मधील क्रूर सम्राट मिंगचे रूप तर पूर्वेकडील माणसांविषयी पाश्चात्त्यांच्या मनात असलेल्या भीतीवर बेतलेले होते. मॅन्ड्रेकचा साथीदार लोथार हा आफ्रिकी राजपुत्र. पण सुरुवातीच्या काळात तो बिबट्याचे कातडे गुंडाळून मोडकीतोडकी भाषा बोलणारा, मालकाच्या वतीने ताकद लावणारा नोकर म्हणून रंगवला गेला.

म्हणजे डोके गोऱ्या माणसाचे आणि मार देणारे वा खाणारे शरीर दुसऱ्या कोणाचे. रक्ताचा थेंबही न दाखवता अशी चित्रे बरेच काही शिकवतात. कोणाला मारले तर वाईट वाटून घ्यायचे नाही, हे ती सांगतात.

पुढे हे बदलले, हेही नोंदवायला हवे. १९६०च्या दशकात आफ्रिकेतील देश एकामागून एक स्वतंत्र होत असताना फॉक यांनी वेताळाच्या देशाला डॉ. लमांडा लुआगा हा सुशिक्षित, लोकनियुक्त कृष्णवर्णीय अध्यक्ष दिला. १९६५पासून फ्रेड फ्रेडरिक्स चित्रे काढू लागल्यावर लोथारचा पेहराव आणि बोलणेही सुधारले. वाचक बदलला की चित्रकथेलाही बदलावे लागते, याची ही उदाहरणे.

भारतीय नायकाने वेगळे काय केले?

डिसेंबर १९७६मध्ये ‘इंद्रजाल’ने स्वतःचा नायक आणला, ‘बहादूर’. त्याचे निर्माते आबिद सुरती आणि चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. पार्श्वभूमी चंबळच्या खोऱ्याची. चंबळचे दरोडेखोर तेव्हा वाचकाला बातम्यांतून परिचित होते. दूरच्या काल्पनिक जंगलातली हिंसा प्रथमच इतकी जवळ आली.

बहादूरची गोष्टही पितृहत्येपासूनच सुरू होते, पण वळण वेगळे आहे. त्याचा बाप दरोडेखोर. पोलीस अधिकारी विशालच्या हातून तो मारला जातो आणि तोच विशाल पोरक्या मुलाला आधार देतो. बहादूरच्या मनात सूड धुमसत असतो. मात्र बापाने किती घरे उद्ध्वस्त केली, हे कळल्यावर तो सूड सोडतो आणि गावकऱ्यांना दरोडेखोरांपासून वाचवण्यासाठी नागरिकांचे सुरक्षा दल उभारतो.

वेताळाची शपथ मारेकऱ्याच्या कवटीवर घेतलेली. बहादूर मात्र आपल्याच बापाच्या बळींकडे पाहतो. मारामारी दोन्हीकडे आहे. फरक इतकाच, की बहादूरच्या गोष्टीत मार खाणाऱ्यांनाही घर आहे. वाईट माणसाचा मुलगाही माणूस असतो आणि सूडाला कुठेतरी पूर्णविराम देता येतो, हे लोकप्रिय भारतीय चित्रकथेने मुलांना सांगितले, ते असे.

कायदा काय म्हणत होता?

१९५४ साली अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचे ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक गाजले. चित्रकथांमुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात, असा त्यांचा दावा होता. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी स्वतःवर ‘कॉमिक्स कोड’ लादून घेतला. ही आचारसंहिता सुट्या पुस्तिकांसाठी होती. वृत्तपत्रांतील पट्ट्यांना ती लागू नव्हती. त्यांच्यावर संपादकाचा अंकुश आधीपासूनच होता.

ब्रिटनने १९५५मध्ये आणि भारताने १९५६मध्ये कायदा केला. आपल्या ‘तरुण व्यक्ती (हानिकारक प्रकाशने) अधिनियमा’त वीस वर्षांखालील व्यक्तीला तरुण मानले आहे. गुन्हे, हिंसा वा क्रौर्य, किंवा किळसवाण्या व भयानक घटना प्रामुख्याने रंगवणाऱ्या चित्रमय वा चित्रविरहित कथा त्याच्या कक्षेत येतात. पुस्तके, मासिके, पत्रके आणि वृत्तपत्रेही. अशा प्रकाशनाची विक्री वा वितरण केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

या व्याख्येतील कळीचा मुद्दा सहज नजरेतून निसटतो. केवळ हिंसा दाखवली म्हणून प्रकाशन हानिकारक ठरत नाही. ते ‘समग्रपणे’ पाहता तरुण वाचकाला बिघडवणारे, गुन्हा वा क्रौर्य करायला उद्युक्त करणारे असले पाहिजे. म्हणजे कायद्यालाही ठोसे मोजायचे नाहीत. पूर्ण गोष्ट काय शिकवते, हे पाहायचे आहे.

संशोधन काय सांगते?

वर्थम यांचा दावा काळाच्या कसोटीवर टिकला नाही. त्यांची कागदपत्रे अभ्यासकांसाठी खुली झाल्यानंतर अमेरिकी संशोधक कॅरोल टिली यांनी मूळ नोंदी आणि पुस्तक यांची तुलना केली. मुलांचे वय, त्यांची विधाने आणि परिस्थिती यांत फेरफार केल्याचे त्यांनी दाखवून दिले. घरातील मारहाण किंवा दारिद्र्य यांसारखी कारणे मागे ठेवून दोष चित्रकथेवर टाकला गेला होता.

याचा अर्थ पाहिलेल्या हिंसेचा परिणाम शून्य, असा नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६१पासून केलेले ‘बोबो’ बाहुलीचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. मोठ्या माणसाने बाहुलीला बदडलेले पाहणारी मुले नंतर तसेच बदडू लागली. १९६५मध्ये त्यांनी आणखी एक पायरी तपासली. चित्रफितीत बाहुलीला मारणाऱ्याला शिक्षा झालेली दिसली, तेव्हा मुलांनी त्याची नक्कल कमी केली. मात्र ‘जसेच्या तसे करून दाखवा, बक्षीस मिळेल’ असे सांगताच त्याही मुलांनी सारे करून दाखवले.

यातून दोन गोष्टी कळतात. मुले पाहिलेले शिकतात. ते लगेच करत नाहीत, इतकेच. आणि करावे की नाही, हे ठरवताना मारल्यावर पुढे काय झाले, याकडे त्यांचे लक्ष असते. प्रयोगशाळेतील बाहुली म्हणजे गल्लीतले भांडण नव्हे, ही मर्यादा धरूनही हा दुसरा धडा चित्रकथांना लागू पडतो.

मारल्यानंतर काय झाले, हे कोणी दाखवले?

फार थोड्यांनी. वेताळाचा ठोसा खाल्लेला गुंड पुढच्या चौकटीत पोलिसांच्या ताब्यात असे. त्याचा जबडा दुखला का, घरी त्याची कोणी वाट पाहत होते का, हा प्रश्न कथेत नसे. गालावरची कवटी हाच काय तो परिणाम, आणि तोही त्याला ओळखता यावे म्हणून. रक्त नसल्याने ही हिंसा सौम्य वाटते. पण तिची किंमतही नसल्याने ती स्वस्त होते.

१९४१मध्ये मिल्टन कॅनिफ यांनी उलटे केले. जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनमध्ये मदतकार्य करणारी रेव्हन शर्मन हे ‘टेरी अँड द पायरेट्स’मधील लोकप्रिय पात्र. ऑक्टोबर १९४१मध्ये एका खलनायकाने तिला धावत्या ट्रकमधून ढकलले आणि ती मेली. कॅनिफ यांनी हा मृत्यू घाईत उरकला नाही. जखमी अवस्था, सोबत्यांची हतबलता, डोंगरावरचे दफन हे सारे दिवसामागून दिवस दाखवले. वाचकांनी शोकपत्रे पाठवली. रक्ताचा सडा न घालता एका मरणाचे ओझे वृत्तपत्राच्या तीन चौकटींत मावू शकते, हे त्यातून दिसले.

मराठी मनाला हे नवे नाही. भोर-वेल्ह्याचा मुलुख राजगड-तोरण्याच्या सावलीतला. तिथल्या मुलांना तलवार कोणा परदेशी चित्रकथेने दाखवावी लागत नाही. तानाजी मालुसऱ्यांचा पोवाडा गावोगावी गायला गेला आहे. १६७०च्या कोंढाण्याच्या लढाईत कापाकापी भरपूर आहे. पण त्या गोष्टीचा शेवट विजयाच्या आरोळीने होत नाही. गड हाती आल्याच्या आनंदावर गेलेल्या माणसाचे दुःख पसरते. लग्न टाकून गेलेला बाप परत येत नाही. पोवाडा हिंसा लपवत नाही आणि तिची किंमतही लपवत नाही.

मराठी वृत्तपत्रांनी कोणता रस्ता धरला?

मराठी दैनिकाच्या पानावर रुजलेली सर्वांत परिचित पट्टी साहसाची नव्हे, तर घरातल्या खोडकर मुलाची. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ २१ नोव्हेंबर १९९१ रोजी ‘सकाळ’मध्ये सुरू झाला. ‘इंद्रजाल’ बंद पडून तेव्हा जेमतेम वर्ष-दीड वर्ष झाले होते. चिंटूच्या जगात आई-पप्पा आहेत, मित्र आहेत, भांडणे आहेत. पण ज्याच्याशी भांडला, तोच दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला येतो. रोज भेटणाऱ्या पात्राला कायमचा शत्रू परवडत नाही.

मराठीतील साहस दीर्घकाळ पुस्तकांतच राहिले. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे ‘फास्टर फेणे’, हा पुणे जिल्ह्याचाच नायक. त्याची खरी ताकद सायकल, चौकसपणा आणि चपळाई यांत. ठोशाशिवायही श्वास रोखून धरायला लावता येते, याचे हे घरचे उदाहरण.

आज पालकांनी काय पाहावे?

ओटीटी मंचांसाठी २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी वयानुसार वर्गवारी आणली आहे. ‘यू’, ‘यू/ए’ ७+, १३+, १६+ आणि ‘ए’. मालिका किंवा चित्रपट सुरू होताना कोपऱ्यात दिसणारी ही खूण, त्यासोबत दिलेले ‘हिंसा’, ‘भाषा’ असे शब्द आणि पालकांसाठीची कुलपाची सोय यांचा उपयोग जरूर करावा. परंतु वर्गवारी वय सांगते, गोष्टीचा स्वभाव सांगत नाही. शिवाय मुलांच्या मोबाइलवर ओटीटीबाहेरचेही बरेच काही असते.

अशा वेळी जुन्या चित्रकथांच्या अनुभवातून निघणारे चार प्रश्न उपयोगी पडतात.

पहिला, मार कोणाला बसतो? दरवेळी एकाच रंगाची, वेशाची, भाषेची किंवा समाजाची माणसे मार खात असतील, तर रक्त न दिसताही ती गोष्ट विखारी असू शकते.

दुसरा, मारल्यानंतर काय होते? दुखणे, पश्चात्ताप, शिक्षा, शोक यांपैकी काही दिसते का? की मारणाऱ्याला फक्त टाळ्या आणि गुण मिळतात?

तिसरा, नायकापुढे दुसरा मार्ग होता का? मॅन्ड्रेकची युक्ती, बहादूरने सोडलेला सूड किंवा फेणेची चपळाई यांसारखे काही त्या गोष्टीत आहे का?

चौथा, मधे थांबायला जागा आहे का? वृत्तपत्रातील पट्टी रोज थांबत असे. उद्या काय होईल, यावर मित्रांत चर्चा व्हायची, म्हणजे विचारही व्हायचा. आपोआप सुरू होणारी पुढची चित्रफीत ती जागा खाऊन टाकते. ‘ऑटोप्ले’ बंद करणे हा त्यावरचा सर्वांत साधा उपाय आहे. तो प्रत्येक घरात एका मिनिटात करता येतो.

मग नातवाला उत्तर काय द्यायचे?

खरे तेच. ‘हो, आम्हीही मारामारीच वाचत होतो’ असे कामथडीच्या आजोबांनी मोकळेपणाने कबूल करायला हरकत नाही. वेताळ बिनडाग होता, असा आव आणण्याचे कारण नाही. त्याच्या ठोशाने गुंड आडवा व्हायचा, पण जंगलातली माणसे नेहमी त्याच्या मागेच का उभी असायची, हे तेव्हा विचारायचे राहून गेले. ते आता नातवासोबत विचारता येईल. जुना अंक माळ्यावर सापडला, तर तो दोघांनी मिळून वाचावा. नंतर नातवाच्या मोबाइलवरची लढाईही दोघांनी मिळून पाहावी, आणि तेच चार प्रश्न दोन्हींना लावावेत.

कदाचित काही ठिकाणी नातवाची गोष्ट वेताळापेक्षा सरस ठरेल. ते मान्य करण्याची तयारी आजोबांनी ठेवली, तर ‘मोबाइल ठेव’ या वाक्यापेक्षा त्यांचे पुढचे वाक्य नातू अधिक लक्ष देऊन ऐकेल.